शेवाळ, भूक आणि केशराची थाप

हा आपल्या नव्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना बसमध्ये, लोकलमध्ये ऐकताना मध्येच रेंज गेली, त्यांच्यासाठी. आणि ज्यांना नावं नीट ऐकू आली नाहीत, त्यांच्यासाठीसुद्धा, कारण आज जर्मन नावं बरीच आहेत.

आज राजे-महाराजे नाहीत, लढाया नाहीत. आजचा नायक डोळ्याला दिसतही नाही. अकरावीला सायन्स घेतलं असेल तर क्लॅमिडोमोनास आणि व्हॉल्व्हॉक्स ही नावं तुम्ही पाठ केली असणार. दोन मार्कांचा प्रश्न, दोन शेपट्यांची आकृती, आणि पेपर झाल्यावर विसरलेलं सगळं. पण या शेवाळांमागे एक भन्नाट इतिहास आहे. त्यात मुंबईची तळी आहेत, हिटलरच्या काळातली जर्मनी आहे, केशर आहे, विज्ञानातली एक मोठी थाप आहे, आणि ती थाप आकडेमोडीने पकडणारा एक माणूस आहे जो पुढे भारताचा नागरिक झाला.

आधी प्रश्न समजून घेऊ

क्लॅमिडोमोनास म्हणजे एकच पेशी. लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी. पाणी आहे, ऊन आहे, खायला क्षार आहेत, तर ही पेशी काय करते? आतल्या आत विभागते आणि तिच्या दोन, चार, आठ पेशी होतात. जोडीदार लागत नाही, शोधाशोध नाही, भांडण नाही. सगळी पिल्लं हुबेहूब आईसारखी.

मग प्रश्न असा, की एवढी सोपी सोय असताना हीच पेशी कधीकधी जोडीदार का शोधते? दोन पेशी एकमेकींना चिकटतात, एकजीव होतात, जाड कवचाचा एक दाणा तयार होतो. दोघींची मिळून एकच झाली. म्हणजे संख्या वाढण्याऐवजी निम्मी झाली! व्यवहार म्हणून बघितलं तर हा सरळ तोट्याचा सौदा. मग तो करायचा कधी, हे त्या पेशीला कोण सांगतं?

या ‘कधी’चा शोध घ्यायला माणसाला शंभर वर्षं लागली.

मुंबईचा सर्जन

सुरुवात आपल्या गावापासून करू. 1840 च्या दशकात हेन्री जॉन कार्टर नावाचा एक ब्रिटिश सर्जन मुंबईत आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात डॉक्टर. इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण गूगल केलंत तर गोंधळ होईल. त्याच काळात मुंबईत दुसरा एक डॉ. कार्टर होता, हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रं काढणारा तो. आपला कार्टर वेगळा.

आपल्या कार्टरला नाद होता पाण्यातल्या बारीक जिवांचा. तेव्हाच्या मुंबईत पाण्यासाठी तळी होती, गावभर. आज त्यांची फक्त नावं उरली आहेत. धोबी तलाव म्हणतो आपण, पण तिथे तलाव कुठे आहे? गोवालिया टँक म्हणतो, तिथे मैदान आहे. कार्टरच्या काळात अशा तळ्यांमध्ये खरंच पाणी होतं, आणि पाण्यात शेवाळ, स्पंज, नाना प्रकारचे जीव होते. हा माणूस नोकरी सांभाळून ते पाणी मायक्रोस्कोपखाली बघायचा, चित्रं काढायचा आणि लंडनच्या नियतकालिकांत लेख पाठवायचा.

1858 आणि 1859 मध्ये त्याने युडोरिना आणि व्हॉल्व्हॉक्स या शेवाळांमधल्या फलनाबद्दल लिहिलं. व्हॉल्व्हॉक्स म्हणजे हजारो पेशींचा हिरवा, पोकळ गोळा, पाण्यात गरगर फिरणारा. लेव्हेनहुकने हे गोळे 1700 च्या सुमारास पाहिले होते, पण त्यांच्यात नर-मादी असतात, अंडी आणि शुक्राणू असतात, हे समजायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडला. तिकडे युरोपात नाथानाएल प्रिंग्सहाइमसारखे लोक शेवाळातलं फलन डोळ्यांनी बघत होते, त्याच दशकात इकडे मुंबईत कार्टर तेच करत होता.

1878 मध्ये फ्रिडरिश फॉन श्टाइन या प्राणिशास्त्रज्ञाने कार्टरने वर्णन केलेल्या मुंबईच्या व्हॉल्व्हॉक्सला वेगळी जात ठरवलं आणि नाव दिलं व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी. आज जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या व्हॉल्व्हॉक्सवर सगळ्यात जास्त काम होतं, ती हीच जात. आणि तिचं जे रूप वापरतात, ‘नागारिएन्सिस’, त्याचं नामकरण 1933 मध्ये मद्रासच्या एम. ओ. पी. अय्यंगार यांनी केलं. म्हणजे जात मुंबईची, नामकरण मद्रासचं, आणि आपल्याला पाठ करायला लागली ती पुस्तकातून!

पण कार्टरने ‘काय होतं’ ते सांगितलं. ‘कधी आणि कशामुळे होतं’ हा प्रश्न तसाच राहिला.

शेवाळाला विचारायचं कसं?

त्याचं पहिलं दमदार उत्तर आलं 1896 मध्ये. गेऑर्ग क्लेब्स नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने एक जाडजूड पुस्तक लिहिलं, विषय शेवाळ आणि बुरशी यांच्या प्रजननाच्या अटी. तोवर बऱ्याच जणांचा समज असा, की जिवाचं एक आतलं घड्याळ असतं. एवढ्या पिढ्या साधं विभाजन, मग एक पिढी लैंगिक, मग पुन्हा साधं. जणू छापलेलं वेळापत्रकच.

क्लेब्सने सांगितलं, असं काही नाही. त्याने व्हॉकेरिया नावाचं धाग्यांसारखं शेवाळ घेतलं. उजेड बदलला, अन्न बदललं, तापमान बदललं. साखरेच्या पातळ द्रावणात, उजेडात ठेवलं की शेवाळ अंडी आणि शुक्राणू बनवू लागायचं. काळोखात ठेवलं की पोहणारे अलैंगिक बीजाणू सोडायचं. म्हणजे तोच जीव, पण परिस्थिती बदलली की वागणं बदललं. बाहेरचं बटण दाबा, आतली गोष्ट घडते.

आज हे वाचताना साधं वाटतं. पण मला यातली हिंमत आवडते. जिवाच्या सगळ्यात खासगी निर्णयाची किल्ली बाहेर आहे, असं म्हणणं सोपं नव्हतं.

केशरवाला

आता गोष्टीत खलनायक येतो. निदान तेव्हा तो नायक वाटत होता.

1930 चं दशक, बर्लिन. कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमध्ये माक्स हार्टमान हे मोठं नाव. लैंगिकतेबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता, की कुठलीही पेशी पूर्ण नर किंवा पूर्ण मादी नसते, ते प्रमाण कमी-जास्त असतं. त्यांच्या हाताखाली फ्रान्झ मोएव्हुस नावाचा एक तरुण, जन्म 1908 चा, क्लॅमिडोमोनासवर काम करत होता. त्याचे निकाल येत गेले आणि ते गुरुजींच्या सिद्धांताला असे चपखल बसत गेले, की विचारू नका.

पुढे तो हायडेलबर्गला रिचर्ड कून यांच्याबरोबर काम करू लागला. कून म्हणजे कॅरोटिनॉइड आणि व्हिटॅमिनवरच्या कामासाठी 1938 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. नाझी सरकारने तेव्हा ते घेऊ दिलं नाही, तो किस्सा वेगळा. दोघांनी मिळून जाहीर केलं, की क्लॅमिडोमोनासच्या लैंगिकतेमागचं रसायन सापडलं आहे. कोणतं? क्रोसिन. म्हणजे केशराला ज्याच्यामुळे पिवळा-नारिंगी रंग येतो, तेच! क्रोसिनचे दोन-चार थेंब, तेही अविश्वसनीय वाटावं इतक्या पातळ द्रावणाचे, आणि पेशींना शेपट्या फुटून त्या पोहायला लागतात. केशरातलीच दुसरी रसायनं ठरवतात कोण नर आणि कोण मादी. उजेडाचं काम फक्त ही रसायनं बनवायचं.

विचार करा, केवढं सुंदर उत्तर! एकेक जीन एकेक रसायन बनवतं, आणि ते रसायन एकेक काम करतं. जीन करतात तरी काय, हा तेव्हाचा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि इथे त्याचं उत्तर तबकात ठेवल्यासारखं समोर. अमेरिकेतले मोठे जनुकशास्त्रज्ञसुद्धा प्रभावित झाले. युद्ध सुरू झालं, पडताळणी करणं अवघड झालं. आणि मोएव्हुसची कीर्ती वाढतच गेली.

आकडे खोटं बोलत नाहीत, पण जास्त खरंही बोलत नाहीत

एकाला मात्र वास आला होता. लंडनमध्ये जे. बी. एस. हॉल्डेन आणि त्यांच्या सहकारी उर्सुला फिलिप. 1939 मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. प्रयोगशाळेत जाऊन काही तपासलं नाही. मोएव्हुसने छापलेले आकडे घेतले आणि फक्त गणित केलं.

ते गणित काय होतं, हे तुम्हाला नाण्यावरून सांगतो. नाणं 1000 वेळा उडवलं. छापा साधारण 500 वेळा येईल हे बरोबर. पण बरोब्बर 500? त्याची शक्यता अडीच टक्के. कधी 487 येतील, कधी 511. आता मी तुम्हाला सांगितलं, की मी हा खेळ दहा वेळा खेळलो आणि दहाही वेळा छापा 498 ते 502 च्या मध्ये आला. तुम्ही काय म्हणाल? ‘भाऊ, तू नाणं उडवलंच नाहीस.’

हॉल्डेन आणि फिलिप यांनी सभ्य भाषेत तेच म्हटलं. हे आकडे सिद्धांताला इतके जवळ आहेत, की खऱ्या प्रयोगात निव्वळ योगायोगाने असं होणं जवळपास अशक्य. निसर्ग असा इस्त्री केलेला नसतो, तो चुरगळलेला असतो.

हेच हॉल्डेन 1957 मध्ये भारतात आले. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, भारताचं नागरिकत्व घेतलं, आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं.

पण 1939 मध्ये त्या टिपणाने मोएव्हुस पडला नाही. लोकांना गोष्ट आवडली होती, आणि आवडलेली गोष्ट सोडायला वेळ लागतो. शेवटी 1954 मध्ये मोएव्हुस अमेरिकेत गेला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या फ्रान्सिस रायन यांनी त्याला आपल्या लॅबमध्ये जागा दिली. म्हटलं, या, इथे करून दाखवा. प्रयोग जमले नाहीत. 1955 मध्ये रायन यांनी ‘सायन्स’मध्ये ते जाहीरपणे लिहिलं. मोएव्हुसचं करिअर तिथेच संपलं. 1959 मध्ये तो मायामीत वारला, पन्नाशीत.

बटाट्याच्या शेतातली पेशी

आणि आता ती बाई, जिच्यासाठी मला हा भाग करायचाच होता. रूथ सेगर.

सेगर यांनी कोलंबियातून मक्याच्या जनुकांवर पीएचडी केली आणि मग न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये क्लॅमिडोमोनास हातात घेतलं. त्यांच्या कामातलं क्लॅमिडोमोनास आलं होतं गिल्बर्ट स्मिथ यांच्याकडून. स्मिथ यांनी ते 1945 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅम्हर्स्टजवळच्या एका बटाट्याच्या शेतातल्या मातीतून वेगळं केलं होतं. केशर नाही, बटाटा!

1954 मध्ये, म्हणजे मोएव्हुस अमेरिकेत पोचला त्याच वर्षी, सेगर आणि सॅम ग्रॅनिक यांचा शोधनिबंध आला. उत्तर काय होतं? नायट्रोजन. बस.

पेशींना भरपूर नायट्रोजन मिळतोय तोवर त्या खातात, वाढतात, विभागतात. नायट्रोजन संपला आणि उजेड चालू राहिला, की त्याच पेशी युग्मक होतात, म्हणजे जोडीदारासाठी तयार. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की युग्मक झालेल्या पेशींना जोडीदार भेटण्याआधी पुन्हा नायट्रोजन दिला, तर त्या माघार घेतात. ‘जेवण आलं का? मग लग्न कॅन्सल.’ पुन्हा साधं विभाजन सुरू!

बघा, हे मोएव्हुसच्या उत्तरापेक्षा किती साधं आहे. नायट्रोजनचं क्षार काढा, थांबा, बघा. घाला, थांबा, बघा. कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये करता येईल असा प्रयोग. आणि खरोखर, आज जगभरात विद्यार्थी तो करतात आणि तो जमतो. खऱ्या शोधाची हीच तर खूण. तो शोधणाऱ्याच्या हाताला बांधलेला नसतो.

आणि सेगर यांना या कामाबद्दल काय मिळालं? त्याच वर्षी त्यांनी क्लॅमिडोमोनासमध्ये केंद्रकाबाहेरून येणाऱ्या आनुवंशिकतेवरचं महत्त्वाचं कामही छापलं. तरी पूर्ण प्राध्यापकपद मिळायला 1966 साल उजाडलं, न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमध्ये. पीएचडीनंतर तब्बल 18 वर्षं. ज्याचे प्रयोग जमत नव्हते त्याच्यासाठी खंडोखंडीची दारं उघडत होती, आणि जिचे जमत होते ती थांबली होती. हा इतिहास मला नुसता शेवाळाचा वाटत नाही.

तळं तापतं तेव्हा

आता परत आपल्या कार्टरच्या व्हॉल्व्हॉक्सकडे येऊ. तिथे बटण वेगळं निघालं.

1960 च्या दशकाअखेर रिचर्ड स्टार यांनी अमेरिकेत दाखवलं, की व्हॉल्व्हॉक्स कार्टेरीचा लैंगिक नर पाण्यात एक पदार्थ सोडतो, आणि तो लागला की आजूबाजूचे साधे गोळे पुढच्या पिढीत अंडी आणि शुक्राणू बनवतात. हा पदार्थ म्हणजे साखर जोडलेलं एक प्रथिन. आणि तो किती लागतो? एका लिटर पाण्यात साधारण सहा कोटी रेणू. सहा कोटी म्हणजे खूप वाटतात ना? पण त्याच लिटरभर पाण्यात पाण्याचे रेणू असतात 3 वर 25 शून्यं. समुद्रात चिमूटभर टाकावं तसं हे. म्हणजे मोएव्हुसने ज्या ‘अविश्वसनीय पातळ’ रसायनाची बतावणी केली होती, तसलं काहीतरी निसर्गात खरोखर होतं! फक्त ते केशर नव्हतं, त्या शेवाळात नव्हतं, आणि ते सापडलं मोजून, मापून, दुसऱ्यांनीही पडताळून.

पण पहिला नर कुठून येतो? सगळा गाव साधा असेल तर सुरुवात कोण करतं? 1986 मध्ये सेंट लुईसच्या डेव्हिड आणि मॅरिलिन कर्क या नवरा-बायकोने उत्तर दिलं. त्यांनी साध्या, अलैंगिक व्हॉल्व्हॉक्सला सुमारे 42 अंशांचा ताप दिला, दोन तास. नर वाणाचे असोत की मादी वाणाचे, त्या साध्या गोळ्यांनी स्वतःच ते प्रथिन बनवलं.

आता डोळ्यांसमोर आणा. एप्रिल-मे. डबक्याचं पाणी आटत चाललंय, उथळ झालंय, दुपारी तापतंय. गरमीचा चटका बसला की काही गोळे सिग्नल सोडतात आणि सगळं डबकं लैंगिक होतं. अंडी फळतात, त्यांची जाड कवचाची नारिंगी-तांबडी बीजं होतात. डबकं आटतं, हिरवे गोळे मरतात, बीजं चिखलात टिकतात. पाऊस पडला की बीजं उघडतात, पुन्हा हिरवे गोळे. आपण छत्री बाहेर काढतो त्याच सुमारास.

म्हणजे तो सुरुवातीचा तोट्याचा सौदा मुळात तोट्याचा नव्हताच. दोघींची एक झाली, पण जी एक झाली ती दुष्काळ काढू शकते. शिवाय ती उघडताना दोघींचे जीन पत्त्यांसारखे पिसले जातात. उद्याचं पाणी कसं असेल माहीत नाही, तर हातात वेगवेगळे पत्ते असलेले बरे. पुढे कॅनडातल्या ऑरोरा नेडेल्कू यांनी दाखवलं, की हा ताप पेशीत एक प्रकारची रासायनिक जळजळ वाढवतो, आणि ती जळजळ शमवणारे पदार्थ दिले की व्हॉल्व्हॉक्सचं लैंगिक होणं मंदावतं. संकटाची चाहूल पेशी आतून घेते, ती अशी.

हे सगळं कशासाठी?

एखादा म्हणेल, शेवाळाच्या लग्नाशी आपल्याला काय देणंघेणं? तर ऐका. क्लॅमिडोमोनासच्या दोन युग्मकांना एकजीव करणारं एक प्रथिन आहे, हॅप-टू. 2008 मध्ये संशोधकांनी दाखवलं, की मलेरियाच्या परजीवीलाही फलनासाठी हेच प्रथिन लागतं. मलेरियाच्या परजीवीचं फलन डासाच्या पोटात होतं. ते अडवलं तर तो डास पुढच्या माणसाला मलेरिया देऊ शकत नाही. त्यामुळे या प्रथिनाविरुद्ध लस बनवता येईल का, यावर काम चालू आहे.

यातला योगायोग लक्षात आला का? मुंबईची जुनी तळी, विहिरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या प्रमाणात बुजवल्या गेल्या, त्याचं एक मोठं कारण होतं मलेरियाचे डास. कार्टरची तळी मलेरियापायी गेली, आणि त्याच तळ्यांतल्या शेवाळांच्या भाऊबंदाने मलेरियाविरुद्धचा एक धागा हातात दिला.

आणि दुसरं कारण माझ्यापुरतं जास्त महत्त्वाचं. आपल्या फोनवर रोज काहीतरी येतं. सुंदर, चपखल, सगळं समजावून सांगणारं. केशरासारखं रंगीत आणि सुगंधी. असं काही आलं की हॉल्डेन आठवा. विचारा, हे इतकं इस्त्री केलेलं कसं? आणि मग सेगर आठवा. विचारा, हे दुसऱ्या कोणी करून बघितलं का, आणि जमलं का? या दोन प्रश्नांना पैसे पडत नाहीत, डेटाही जळत नाही.

या पावसाळ्यात रस्त्याकडेच्या डबक्यात हिरवी झाक दिसली, आणि कॉलेजात मायक्रोस्कोप असेल, तर एक थेंब बघाच. काय दिसलं ते कळवा. कोणाला गरगर फिरणारा हिरवा गोळा सापडला, तर त्याचं नाव पुढच्या भागात नक्की घेणार.

भेटू लवकरच. ऐकत राहा, वाचत राहा!